रानपिंगळ्याचे नाव आणि नमुन्याची चिठ्ठी

पक्ष्याचे शास्त्रीय नाव म्हणजे त्या पक्ष्याचे संक्षिप्त वर्णन होय, असा एक सर्वसाधारण समज आहे. नावांची व्युत्पत्ती तपासू लागले असता हा समज फार काळ टिकत नाही. पुष्कळ नावे पक्ष्याविषयी थोडे आणि नाव ठेवणाऱ्याविषयी अधिक सांगतात. खानदेशाशी निगडित अशा एका घुबडाच्या नावावरून ही गोष्ट विशेष स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात त्या नावाचा इतिहास पाहावयाचा आहे.

प्राणिशास्त्रातील द्विपद नामपद्धतीची गणना लिनीयस याच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १७५८ पासून करतात. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. दुसऱ्या पदाची घडण व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे. व्यक्तीच्या नावाला षष्ठीचा प्रत्यय लागून ‘अमक्याचा’ असा अर्थ होतो. सातभाईच्या कुळातील एका पक्ष्याच्या नावातील ‘माल्कमी’ हे पद असे आहे. मुंबईचा गव्हर्नर (१८२७–१८३०) सर जॉन माल्कम याच्या सन्मानार्थ ते योजिलेले आहे. स्थलनामाला ‘-एन्सिस’ हा प्रत्यय लागतो. त्याचे कार्य आपल्या ‘पुणेकर’, ‘नगरकर’ यांतील ‘-कर’ प्रत्ययासारखेच असते. लेथमने १८०१ मध्ये एका सुतार पक्ष्याला आणि कर्नल साइक्सने १८३२ मध्ये एका रातव्याला ‘माहरॅटेन्सिस’ हे पद दिले. दोन्ही पक्षी याप्रमाणे ‘मराठदेशीचे’ ठरले.

साइक्स हा मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर नेमलेला अधिकारी. त्याच्या पाहणीत पुणे, अहमदनगर, धारवाड यांबरोबर खानदेशही होता. १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दख्खनी पक्ष्यांच्या यादीत घारीला ‘गोविंदा’, एका चंडोलाला ‘देवा’, सह्याद्रीतील काळ्या बुलबुलाला ‘गनीसा’ आणि एका परिटाला ‘दुखुनेन्सिस’ अशी नावे आढळतात. ‘गनीसा’ म्हणजे आपला गणेश आणि ‘दुखुन’ म्हणजे दख्खन. एकोणिसाव्या शतकारंभी इंग्रज कानाला हे शब्द जसे ऐकू आले तसे ते रोमन लिपीत उतरले, आणि तेथेच थिजले. लिप्यंतर सदोष असले तरी ते मागाहून सुधारू नये, असा नामकरणसंहितेचा नियम आहे. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा नियम उपकारकच म्हटला पाहिजे. त्यामुळे ही नावे एका काळाच्या उच्चारग्रहणाची आणि लेखनरीतीची अवशेषरूप साधने बनून राहिली आहेत.

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. आपल्या गावांतून सर्वत्र आढळणारा पिंगळा शास्त्रीय परिभाषेत ‘अथीनी ब्रामा’ आहे. पहिले पद ग्रीकांच्या ज्ञानदेवतेचे. घुबड हे तिचे चिन्ह, आणि अथेन्सच्या नाण्यांवरही ते कोरलेले असे. दुसरे पद टेमिंकने १८२१ मध्ये दिले. ते ‘ब्रह्मा’ या शब्दावरून आले. एकाच पक्ष्याच्या नावात ग्रीक देवता आणि हिंदू देव असे शेजारी बसले आहेत. मराठी नाव मात्र पक्ष्याकडे पाहून ठेवलेले दिसते: संस्कृत ‘पिंगल’, म्हणजे पिवळसर तपकिरी.

याच पिंगळ्यासारखा दिसणारा, परंतु डोक्यावर व पाठीवर ठिपके अंधुक असलेला एक निराळा पक्षी डिसेंबर १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने आजच्या छत्तीसगडातील बसना-फुलझर भागात मिळविला. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध करून ‘हेटरोग्लॉक्स ब्लेविटी’ असे नाव दिले. ग्रीक ‘हेटेरॉस’ म्हणजे निराळा आणि ‘ग्लॉक्स’ म्हणजे घुबड. संपूर्ण अर्थ ‘ब्लेविटचे निराळे घुबड’. मराठीत यालाच रानपिंगळा म्हणतात.

या पक्ष्याचा पुढील इतिहास पुष्कळसा खानदेशात घडला. मुलकी सेवेतील अधिकारी जेम्स डेव्हिडसन याने पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी १८८२ मध्ये ह्यूमच्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली. शहादा-तळोदा परिसरातून त्याने रानपिंगळ्याचे अनेक नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणास निश्चितपणे आढळला नाही. जगातील संग्रहालयांत त्याचे अवघे सात अस्सल नमुने उरले. नावात ब्लेविट अमर झाला. डेव्हिडसनचे श्रम आणि खानदेशाची भूमी यांचा पुरावा तेवढा नमुन्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवर राहिला.

आणि नेमकी चिठ्ठीच चोरीस गेली. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे रानपिंगळा मिळविला असे सांगितले, आणि तसा नमुना आपल्या संग्रहात ठेविला. हा नमुना मुळात डेव्हिडसनचा असून तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला, नव्याने भरलेला व खोटी चिठ्ठी लावलेला होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये सप्रमाण प्रसिद्ध केले. कातडे नव्याने भरले तरी डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या. या खोट्या नोंदीने पूर्वीच्या शोधकांना चुकीच्या स्थळाकडे नेले होते. तिच्यावर विसंबून न राहता रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे जुन्या अस्सल नोंदींच्या ठिकाणी गेले. पूर्वेकडे निराशा झाल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांचा खंड संपला. शहादा त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते. १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पुढे तोरणमाळ, मेळघाट, जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य इत्यादी ठिकाणीही हा पक्षी आढळला.

नावाचा प्रश्नही मिटला नव्हता. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार रानपिंगळा अथीनी याच प्रजातीत समाविष्ट होतो. म्हणजे ह्यूमने ज्याला ‘निराळे घुबड’ म्हटले, ते पिंगळ्याचे निकटचे भाऊबंदच ठरले. लोकांच्या ‘पिंगळा’ या पदाला या बाबतीत विज्ञानाने जणू दुजोरा दिला.

वसाहतकालीन व्यक्तींची नावे पक्ष्यांवरून काढून टाकावीत काय, हा वाद अलीकडे गाजतो आहे. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने २०२३ मध्ये, नैतिक कारणास्तव शास्त्रीय नावे बदलल्यास नामस्थैर्यास धोका पोहोचतो, अशी भूमिका घेतली. माझ्या मते ‘ब्लेविटी’ हे पद राहण्यास हरकत नाही; अभिलेखातील जुन्या सहीप्रमाणे ते वाचता येते. अन्याय त्या पदाने केलेला नाही. नावापुढचे स्थळ, काळ आणि संग्राहक पुसले जातात तेव्हा खरी हानी होते. रानपिंगळ्याचे नाव सव्वाशे वर्षे शाबूत होते. एक चिठ्ठी बदलताच पक्षी शोधणाऱ्यांची वाट चुकली.

यातून आपल्या शास्त्रासही बोध घेता येईल. अहिराणी, भिल्ली, पावरी या बोलींतील पक्षिनामे गोळा करण्याचे काम खानदेशातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येण्याजोगे आहे. ते करताना शब्द टिपला की काम झाले, असे मानू नये. तो कोणत्या गावी, कोणत्या दिवशी, कोणत्या वयाच्या व कोणत्या बोलीच्या भाषकाकडून मिळाला, आणि त्याने कोणता पक्षी दाखविला, हे प्रत्येक शब्दासोबत लिहिले पाहिजे. ज्याचा ठावठिकाणा नोंदलेला नाही असा शब्द संग्रहात कितीही शोभिवंत दिसला, तरी मांडवीच्या त्या नमुन्याहून त्याची योग्यता अधिक नाही.