अकोल्याच्या डोंगरातली फसगत

मंडळी, आपल्या जिल्ह्याचे सरकारी नाव आता अहिल्यानगर झाले आहे. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र अजून 'नगर'च येते. नाव कोणतेही घ्या, या जिल्ह्याचा एक विलक्षणपणा आहे. नगर शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो सरासरी वीस-बावीस इंच. श्रीगोंदे, कर्जत, जामखेड या बाजूचा शेतकरी तर आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघरला, चांगल्या वर्षी दोनशे इंचांच्या घरात पाऊस कोसळतो. पाच हजार मिलिमीटर! (अकोले म्हणजे आपले प्रवराकाठचे; वऱ्हाडातले अकोला नव्हे.) एकाच कलेक्टरच्या अमलाखाली एवढी कोरड आणि एवढी ओल नांदते.

डोंगरात जी माणसे फसतात, त्यांच्या फसगतीचे मूळ पुष्कळदा इथेच असते. पठारावरचा माणूस पठारावरचा पाऊस मनात धरून डोंगरात जातो. त्याच्या लेखी पाऊस म्हणजे एक सर. ती आली की आडोशाला उभे राहावे, गेली की चालू लागावे. सह्याद्रीच्या माथ्यावर तसे नसते. तिथे माणूस पावसाखाली उभा नसतोच, तो ढगाच्या पोटात शिरलेला असतो.

असे का होते, ते गुरुजींनी वर्गात सांगण्यासारखे आहे. अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो. पुढे वाट नाही म्हणून तो वर चढतो. वर चढणारी हवा थंड होते आणि तिच्यातली वाफ धुक्याच्या, पावसाच्या रूपाने बाहेर पडते. ढग कुठून तरी येतो असे नाही. तो कड्याच्या काठाशी, तुमच्या डोळ्यांदेखत तयार होतो. म्हणून तर पाच मिनिटांपूर्वी दिसणारा समोरचा सुळका पाहता पाहता पुसला जातो.

या भिंतीवरचे सर्वांत उंच टोक म्हणजे कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. अवघ्या महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. पायथ्याच्या बारी गावापासून चढ आठ-नऊशे मीटरांचा. शंभर मीटर चढले की हवा साधारण अर्धा-पाऊण अंशाने थंड होते. तेव्हा नुसत्या उंचीनेच माथ्यावर पाच-सहा अंशांचा गारठा वाढतो. वारा आणि ओले कपडे यांचा हिशेब वेगळा.

शिखरावर देवीचे छोटे देऊळ आहे. कळसू ही कोळ्याची पोर, रानात भटकणारी. पायथ्याच्या एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून : भांडी घासणार नाही आणि केरवारा करणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरच्या कोणीतरी तिला ती कामे सांगितलीच. कळसूने ती केली, आणि तडक डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आली नाही. तिने भांडी घासली ती जागा 'थाळेमेळ' म्हणून दाखवतात. कथा खरी की खोटी, हा वाद इथे नको. मला त्यात कौतुक वाटते ते तिच्या अटीचे! देवीची मोठी यात्रा भरते नवरात्रात, म्हणजे पावसाचा जोर ओसरल्यावर. ऐन आषाढ-श्रावणात हजारोंनी माथ्यावर जावे, असे या डोंगराने आपल्या लेकरांना कधी सांगितलेले दिसत नाही.

धुक्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती फार मनोहर आहे. कर्नल साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी होता. १८२४ साली मुंबई सरकारने त्याला दख्खनची शिरगणती, शेती, हवापाणी यांची माहिती गोळा करण्याच्या कामी नेमले. हा गृहस्थ हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर घोड्यासह उभा होता. समोर कोकणातून वर आलेला धुक्याचा थर, पाठीमागे क्षितिजालगतचा सूर्य. आणि समोरच्या धुक्यात त्याला पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसले. अर्धे आपल्या पातळीच्या वर, अर्धे खाली. त्या गोलाच्या मधोमध त्याची स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली, चौकटीत बसवलेल्या तसबिरीसारखी! बरोबरच्या माणसांना त्या आपल्याच सावल्या आहेत हे पटेना. त्यांनी हात हलवून पाहिले, पाय झाडून पाहिले, तेव्हा कुठे खात्री पटली. १८३५ साली साइक्सने हे सारे विलायतेतल्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापले. आपले डोंगरयात्री याला आज 'इंद्रवज्र' म्हणतात. जर्मनीत ब्रोकेन नावाच्या डोंगरावरही असेच दिसते. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, तेव्हा पाठीशी ऊन हवे तर सकाळीच तिथे पोचले पाहिजे.

पण तेच धुके कड्याच्या काठाशी दाटले, की खाली हजारभर मीटरांवर कोकण आहे आणि आपण कुठवर आलो आहोत, यातले काहीच दिसत नाही.

आता वाटांची गोष्ट. कोणी म्हणेल, आपल्या पूर्वजांनी या गडांवर शेकडो माणसे, दाणागोटा, तोफा नेल्या, मग आजच्या तरुणांनाच एवढे अवघड का जावे? त्याला इतिहासात उत्तर आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि किल्ले इंग्रजांकडे गेले. पुन्हा कोणी किल्ला धरून बसू नये म्हणून त्यांनी ठिकठिकाणी दरवाजे, तट, पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. नगर-नाशिकच्या सीमेवरचे अलंग आणि मदन पाहा. कातळात खोदलेल्या पायऱ्या मधेच तुटतात, आणि पुढे दोर लावल्यावाचून जाता येत नाही. मूळची राजवाट मोडली, उरल्या त्या चोरवाटा आणि ढोरवाटा.

त्या वाटा ज्यांना ठाऊक होत्या त्यांना मात्र डोंगराने सांभाळले. अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, महादेव कोळी समाजातले. १८४४ च्या सुमारास त्यांनी सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध बंड पुकारले आणि याच डोंगरांच्या आधाराने ते इंग्रजांना पुरून उरले. ते पकडले गेले ते १८४८ साली, डोंगरात नव्हे, पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिले. डोंगरातच राहते तर सरकारच्या हाती लागते का, कोण जाणे!

पुढे १९१० ते १९२६ या काळात प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण झाले. खालच्या रानाला पाणी मिळाले आणि या बाजूला धड रस्ता आला. रस्त्यामागून हौशी माणसे आली. १९८६ साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य जाहीर झाले. अलीकडे तर शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडून मोटारींची रीघ लागते.

२०२२ च्या ऑगस्टमधली गोष्ट. कळसूबाईवर शेकडो माणसे चढलेली. वर पाऊस वाढला आणि खाली कृष्णवंतीच्या पाण्याला पूर आला. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत-खेळत गेलेली मंडळी परत आली ती लाल, फेसाळ लोंढ्यासमोर. शेवटी दोर लावून, स्थानिक माणसांच्या हाताला धरून एकेकाला पलीकडे काढले. डोंगरातला ओढा असाच असतो. तो तासाभरात चढतो, आणि आपण वर असताना चढतो.

२०२३ च्या ऑगस्टच्या आरंभी हरिश्चंद्रगडावर याहून वाईट घडले. पुण्याकडून आलेले सहा जण गड चढू लागले. धुक्यात वाट चुकली. पावसात, वाऱ्यात, ओल्या अंगाने रानात राहावे लागले आणि त्यांतला एक तरुण थंडीने गेला. बाकीच्यांना शोधून खाली आणले. ऑगस्टात, महाराष्ट्रात, थंडीने माणूस मरतो? हो, मरतो. त्याला बर्फ लागत नाही. ओला कपडा आणि वारा दोघे मिळून अंगातली ऊब उपसून नेतात. आधी माणूस कुडकुडतो. मग पाय अडखळतात, बोलणे असंबद्ध होते. मग कुडकुडणे थांबते, आणि सोबत्यांना वाटते, बरे वाटू लागले असेल. तीच वेळ सर्वांत वाईट. अशा माणसाला चालवू नये. आडोशाला घेऊन ओले कपडे काढावे, कोरड्यात गुंडाळावे आणि त्याला आपल्या अंगाची ऊब द्यावी.

वाट चुकते कशी, तेही पाहा. पावसाळ्यात कारवी पुरुषभर वाढते आणि पाऊलवाट झाकून टाकते. रानात गुरांच्या वाटा असतात माणसांच्या वाटांहून अधिक, आणि दिसायला चांगल्या मळलेल्या. गुरांना गडावर जायचे नसते. त्यांची वाट चाऱ्यापाशी किंवा पाण्यापाशी संपते. परका माणूस धुक्यात त्या वाटेने निघतो आणि कड्याच्या धारेवर जाऊन थबकतो. खिशातला फोन तिथे पुष्कळदा मुका असतो.

कोरड्या दिवसांतही कोकणकडा सोपा नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात दोराने कडा उतरणारी मोठी तुकडी अंधार पडल्याने रात्रभर कड्यात अडकली. दुसऱ्या दिवशी त्यांना सोडवले. २०२० च्या जानेवारीत अरुण सावंत यांच्यासारखे मुरलेले गिर्यारोहक याच कड्यावरून कोसळून गेले. तेव्हा नवखेपणा हे एकच कारण मानून चालणार नाही.

पाचनई, बारी, रतनवाडी इथल्या माणसांना यातले काही नवे नाही. भर पावसात भाताची लावणी करायला ती माणसे पाठीवर इरले घेऊन दिवसभर वाकून उभी असतात. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते इरले पाठ कोरडी ठेवते आणि वाराही अडवते. संध्याकाळी ढग माथ्यावर बसला, की ती गुरे खाली आणतात आणि वर जात नाहीत. कोणी वर अडकल्याची हाक आली, तर मात्र रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन निघतात तीच माणसे. लावणी अर्धी टाकून.