बाळगोळी आणि नर्सबाई

तान्ह्याला अफू देणारी आई म्हटले की आपण नाक मुरडतो. पण मुंबईच्या गिरणकामकरणींची हकीगत ऐका. भोंगा झाला की तान्हे खोलीत टाकून जायचे. ते रडू नये म्हणून सकाळीच बाळगोळी द्यायची. तीत अफू असे. मूल दिवसभर गुंगीत, अंगावर पिईना, सुकत जाई. डॉ. बार्न्सबाईंच्या १९२२ च्या सरकारी अहवालात अशा बायांच्या शंभरातील ९८ मुलांना अफू मिळते, असे नमूद आहे.

म्युनिसिपालिटीच्या नर्सबाई चाळींतून बाळंतिणींकडे जात. आमच्या आजेसासूबाई गिरणीत होत्या. त्या म्हणत, “बाई सांगून जायच्या, गोळी देऊ नको. पण पोर धरणार कोण?” मला वाटते, खरी अडचण हीच.

१९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कौन्सिलात प्रसूतिभत्त्याच्या बिलाला पाठिंबा दिला. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बाया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. आजेसासूबाईंनी थोरल्याला गोळी दिली होती. धाकटे, म्हणजे आमचे मामंजी, गिरणीच्या पाळणाघरात वाढले; दुपारच्या सुट्टीत त्या त्यांना पाजून येत.