पालवणकर, बाळू

पालवणकर, बाळू : (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५). प्रख्यात भारतीय क्रिकेटपटू व डावखुरे मंदगती गोलंदाज. जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात. घराण्याचे मूळ गाव कोकणातील पालवण. वडील लष्करात नोकरीस असल्याने बाळूंचे बालपण पुण्यात गेले. तेथे प्रथम पारशी क्लबात दरमहा ३ रुपयांवर व पुढे यूरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर ते मैदानाची निगा राखू लागले. फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजाला बाद केल्यास प्रत्येक वेळी ८ आणे मिळत, असे सांगतात. फलंदाजी मात्र त्यांना तेथे कोणी दिली नाही.

गोऱ्यांना हरवायचे, तर बाळू हवेत, हे उमगल्यावर पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळविले. मैदानावर सर्वांच्या हाती तोच चेंडू. चहापानाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या कुल्हडातून चहा आणि भोजनाला वेगळे पान. पुढे मुंबईस आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ च्या सामन्यात हिंदूंनी यूरोपियनांना १०९ धावांनी नमविले, त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी सामान्य ठरली. बाळूंनी मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलितांच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी असून सरासरी १५.२१ आहे.

एवढे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. याचे कारण खेळात शोधून सापडणारे नाही. १९२० मध्ये चौरंगी सामन्यांच्या वेळी तर त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेधार्थ अंग काढून घेतले. अखेर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. अंतिम सामन्यात कर्णधार पै बाहेर गेले असता थोडा वेळ संघ त्यांच्याच हाती होता. १९२३ साली विठ्ठल यांना रीतसर कर्णधारपद मिळाले.

१९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत बाळूंनी भाग घेतला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ११,२२५ मते मिळवूनही ते पराभूत झाले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.