गिरणीतल्या मुलांचे दात

१/ इंग्लंडमध्ये १८३३ साली कारखाना कायदा झाला. बहुतेक कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली. ९ ते १३ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ तासांहून अधिक राबवता येईना. तेरा पूर्ण झालेल्याला मात्र १२ तास जुंपता येई. प्रश्न एवढाच उरला, की वय सांगणार कोण?

२/ सरकारी जन्मनोंदणी तेथे सुरू झाली ती १८३७ च्या जुलैत. तोवर सारी भिस्त चर्चच्या वह्यांवर, आणि त्यांत प्रत्येक मूल सापडेच असे नाही. आईबापांना मजुरी हवी, मालकाला स्वस्त मजूर. त्यामुळे वय वाढवून सांगण्यात दोघांचाही फायदा. डॉक्टर उंची पाहून अंदाज बांधत. पण अर्धपोटी मूल खुजे राहते आणि खात्यापित्या घरचे लवकर वाढते.

३/ त्याच वर्षी एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने ‘द टीथ अ टेस्ट ऑफ एज’ ही पुस्तिका पार्लमेंटच्या सभासदांना उद्देशून लिहिली. हजारावर मुलांचे दात तपासून त्याने दाखवले, की उंचीपेक्षा दात अधिक भरवशाचे. दुसरी मोठी दाढ बाराव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दिसत नसेल, तर ‘मूल तेरा वर्षांचे आहे’ या दाव्यावर संशय घेण्यास आधार मिळतो. उपासमारीने दातांची वाढ उंचीइतकी खुंटत नाही, हे या कसोटीचे खरे बळ. (पुढे हाच सॉन्डर्स व्हिक्टोरिया राणीचा दंतवैद्य झाला.)

४/ मात्र दुधाचा दात अकाली पडला किंवा जबड्यात जागा अपुरी असली, की नवा दात उगवण्याची वेळ चुकते. हाडाच्या आत डोकावण्याची सोय सॉन्डर्सपाशी नव्हती. ती रॉन्टगेनच्या १८९५ च्या शोधाने झाली. दोनेक महिन्यांतच जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफने स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले. त्यासाठी २५ मिनिटे किरण सोसले!

५/ आता दात घडताना दिसू लागला : आधी माथा, मग मूळ, शेवटी मुळाचे मिटणारे टोक. १९७३ मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टीन आणि टॅनर यांनी खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या ७ दातांचे प्रत्येकी ८ टप्पे ठरवून गुणांचे तक्ते मांडले. मुले फ्रेंच-कॅनडियन होती. हेच तक्ते इतरत्र, भारतातही, लावले तेव्हा अनेकदा मूल खऱ्या वयाहून मोठे ठरले. कायद्याच्या दारात ही चूक नेहमी मुलालाच भोवते.

६/ अठराच्या आसपास तर अक्कलदाढ तेवढी घडायची उरते, आणि तिचा लहरीपणा सर्वश्रुत. २०१६ मध्ये कॅलेहून आलेल्या निर्वासित मुलांचे दात तपासण्याची मागणी ब्रिटनमध्ये झाली, तेव्हा ब्रिटिश डेंटल असोसिएशननेच तिला विरोध केला. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्यात क्रम स्पष्ट आहे : आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि तीही नसेल तरच वैद्यकीय चाचणी.