गरम कुंड, केईएम आणि बावन्न पायऱ्या

भिवंडी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, पॉवरलूम आणि ट्रॅफिक. हल्ली त्यात गोडाऊनची भर पडली आहे. तुम्ही ऑनलाइन मागवलेलं मोबाइलचं कव्हर बहुतेक आमच्याच गावात एक मुक्काम करून येतं. पण या तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे, लूमपेक्षा कितीतरी जुनी: गरम पाण्याची कुंडं. भिवंडी-वाडा रस्त्याने अंबाडीपर्यंत जायचं, तिथून आत वळायचं, की वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी अशी तानसा नदीच्या आसपास कुंडंच कुंडं. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, १७३९ मध्ये वसई पडली आणि मग हे देऊळ उभं राहिलं असं सांगतात. देवळात जायला बावन्न दगडी पायऱ्या आहेत. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कुंडावर भाविक येतात तसेच दुखणेकरीही येतात. गुडघे, कंबर, खांदे. माझी आजी म्हणायची, "एक डुबकी मारली की अंग मोकळं होतं." ते खरंच आहे. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल पडतो, आणि छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की शरीराचं बरंचसं वजन पाणीच उचलतं, त्यामुळे सांध्यांना सुट्टी मिळते. अडचण एवढीच की ही सुट्टी दोन दिवसांत संपते. उष्णतेने स्नायू सैल होतो, बळकट होत नाही. आखाड्यातल्या वस्तादाच्या मालिशचंही तेच. फरक इतकाच की वस्ताद मालिश झाल्यावर पठ्ठ्याला पुन्हा जोर-बैठका काढायला लावायचा!

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मालिश, असा आपल्याकडे अजूनही समज आहे. पण आपल्या देशात हा विषय शिकवायला सुरुवात झाली ती दुखणाऱ्या कंबरेमुळे नाही, तर पोलिओमुळे. आणि तीही इथून तासा-दोन तासांवर, परळला.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूमधल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. स्नायू जागेवरच असतो, पण त्याची लाइन कट झालेली असते. (आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक, नेटवर्क डाऊन.) अशा पोराचं काय करायचं? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टरांचं उत्तर होतं: हात-पाय फळ्यांना किंवा प्लास्टरमध्ये बांधून ठेवा, म्हणजे वाकडे होणार नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी नावाच्या एका नर्सने नेमकं उलटं केलं. गरम लोकरी कपड्याने शेक द्यायचा आणि मग ते हात-पाय हलवायचे, पोराला हलवायला शिकवायचे. शेक ही फक्त तयारी, खरं काम हालचालीचं. तिच्या देशातल्या डॉक्टरांनी तिला बराच काळ उभं केलं नाही. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली आणि तिथे मात्र तिचं म्हणणं पसरलं. तिची शास्त्रीय कारणमीमांसा बरीचशी चुकीची होती, पण बांधून ठेवण्यापेक्षा हलवणं बरं, हा मुद्दा टिकला.

त्याच दशकात मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. बाई स्वातंत्र्य चळवळीतल्या, स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हत. मद्रासला डॉ. किणी अशा मुलांना बरं करतात हे कळल्यावर मुलीला घेऊन तिकडे गेल्या. मुलगी सुधारली. मग यांच्या मनात आलं की ज्यांना मद्रासला जाता येत नाही त्यांच्या पोरांचं काय? १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत पोलिओ झालेल्या मुलांसाठी क्लिनिक सुरू केलं. त्यातूनच पुढे हाजी अलीचं मुलांचं ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी, लग्नानंतर कमला निंबकर. त्यांनी १९५० मध्ये केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली, भारतातली पहिली. म्हणजे नुसता स्नायू नाही, तर जेवणं, कपडे घालणं, काम करणं हे पुन्हा शिकवायचं. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा यांच्याच नावाची.

१९५२ च्या सुमाराला मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. मुलं वाचली तरी पुढे त्यांना चालवणार कोण? शिकलेली माणसंच नव्हती. म्हणून भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९५३ मध्ये केईएममध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू केली. देशातली पहिली. पाठोपाठ १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. पुढे भारतातून पोलिओच गेला, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. ज्या रोगासाठी शाळा काढली तो संपला, आणि शाळा चालूच आहे.

पोलिओच्या मुलांवर जे शिकलं ते जखमी सैनिकांनाही उपयोगाचं होतं. मुरलीकांत पेटकरांवर सिनेमा आल्यापासून ('चंदू चॅम्पियन', २०२४) त्यांचं नाव सगळ्यांना माहीत झालं. सांगली जिल्ह्यातला हा गडी सैन्यात बॉक्सर होता. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात. कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पोहायला सांगितलं गेलं. मेडलसाठी नव्हे, व्यायाम म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण घेतलं. भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण! कुंडातलंही पाणीच आणि तलावातलंही पाणीच. एकात माणूस बसून राहतो, दुसऱ्यात हात मारतो.

आता तुमच्या-माझ्यासारख्या, आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी किल्ल्यावर असणाऱ्या मंडळींकडे येऊ. आसनगावजवळचा माहुली चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. कारण चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत वजन उचलतो, उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो. ब्रेक कमकुवत असला की सगळा दणका सांध्यावर. नी-कॅप घालून हा ब्रेक बळकट होत नाही, हे लिहून ठेवा :)

मग पाय मुरगळला की आपण काय करतो? बर्फ लावून पडून राहतो. 'राइस' नावाचा हा फॉर्म्युला (रेस्ट, आइस, कम्प्रेशन, एलिव्हेशन) गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये रूढ केला. गंमत म्हणजे पुढे त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. थोडक्यात, केनीबाईंचं भांडण खेळाच्या मैदानावर पुन्हा एकदा झालं. (हाड मोडलं असेल, किंवा पायावर भारच देता येत नसेल, तर मात्र आधी डॉक्टर.)

हे सगळं मी वाचायला लागलो ते बाबांमुळे. बाबांची उमेद गेली लूमवर, सगळी नोकरी उभ्याने. गुडघे झिजले तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, आराम करा, जिने टाळा. बाबांनी ते इमानदारीत पाळलं. संध्याकाळचं फिरणं बंद, नाक्यावरचा चहा बंद. सहा-सात महिन्यांत मांडी डोळ्यांना दिसेल इतकी बारीक झाली आणि दुखणं होतं तिथेच. मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. त्यांनी कसलंही मशीन लावलं नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं. मग विटेएवढ्या पायरीवर चढ-उतर. "एवढंच?" बाबांना फी वाया गेल्यासारखं वाटलं. बाईंनी विचारलं, काका, कुठे जायचंय तुम्हाला? बाबा म्हणाले, वज्रेश्वरीला, वर देवळात. तेव्हापासून ध्येय ठरलं, बावन्न.

तीन-साडेतीन महिने लागले. चैत्रातल्या जत्रेची गर्दी टाळून एका मंगळवारी आम्ही गेलो. बाबा मध्ये दोनदा थांबले, पण वर पोचले. उतरताना जास्त वेळ लागला (का ते वर सांगितलंच आहे). खाली आल्यावर अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसलेच. ते सोडणार नव्हतेच.

पण एक गोष्ट मला खटकत राहते. बाबा रिटायर आहेत आणि मुलगा आयटीत, म्हणून हे जमलं. त्यांच्याबरोबरचे काही लोक अजून बारा-बारा तास मागापाशी उभे असतात. एका सिटिंगचे पैसे आणि त्यासाठी बुडणारी पाळी, दोन्ही त्यांना परवडत नाही. परळची शाळा सरकार आणि महापालिकेने काढली होती, कारण साथ आली होती. गुडघ्यांच्या दुखण्याला कुणी साथ म्हणत नाही.

सध्या बाबांनी स्वतःच एक उद्योग सुरू केला आहे. पाळी सुटल्यावर नाक्यावरच्या टपरीवर जमणाऱ्या दोघा-तिघांना ते चहा येईपर्यंत बाकड्यावरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसायला लावतात. टपरीवाला वैतागलाय, बाकडं हलतं म्हणतो.