न आलेल्या दाव्यांचे कर्ज

मे २००२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील 'युनायटेड मेडिकल प्रोटेक्शन' ही डॉक्टरांची संस्था दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येऊन तात्पुरत्या अवसायकाच्या हाती गेली. देशातले निम्म्याहून अधिक डॉक्टर तिचे सभासद होते. न्यू साउथ वेल्समध्ये तर बहुतेक सगळेच. विम्याचे संरक्षण नसेल तर शस्त्रक्रिया करणार नाही, असे अनेक सर्जन म्हणू लागले आणि जॉन हॉवर्ड यांच्या सरकारने तातडीने हमी दिली. एरवी बाजाराचे गोडवे गाणारे सरकार श्रीमंत व्यावसायिकांपुढे नमले, अशी टीका यावर सहज करता येते. पण ती अर्धीच खरी आहे. तिजोरीतून गेलेला पैसा बराचसा सरकारच्याच जुन्या दुर्लक्षाची किंमत होता.

अशा संस्थांची घडण ब्रिटिश होती. १८८५ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांच्या बचावासाठी 'मेडिकल डिफेन्स युनियन' निघाली. १८९३ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये तशीच संघटना उभी राहिली. सभासदाने वर्गणी भरायची आणि अडचण आली की कार्यकारिणीकडे मदत मागायची. हातात पॉलिसी नाही आणि मदत द्यायची की नाही हे कार्यकारिणीच्या मर्जीवर. कायद्याच्या लेखी हा विमाच नसल्यामुळे विमा कंपनीइतकी गंगाजळी राखण्याचे बंधनही नव्हते. दावे लहान होते तोवर हे निभावले. पण वैद्यकीय दाव्याची खोड अशी, की तो उशिरा येतो. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेल्या मुलाचा खटला उभा राहायला वर्षानुवर्षे जातात, आणि जुन्या पद्धतीत घटना ज्या वर्षी घडली त्या वर्षीच्या वर्गणीवरच त्याचा भार पडे. १९७९ मधल्या एका प्रसूतीबद्दल सिडनीच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सुमारे १.४ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. अपिलात ती कमी झाली, पण धक्का बसायचा तो बसलाच. त्याच वर्षी मार्चमध्ये 'एचआयएच' ही मोठी विमा कंपनी कोसळली होती आणि सप्टेंबरमधल्या अमेरिकेवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर पुनर्विमाही जगभर महागला. घटना घडून गेलेली, पण दावा अजून दाराशी न आलेला, अशा प्रकरणांसाठी संस्थेकडे पुरेशी तरतूदच नव्हती.

दोष न्यायालयांचा, भरपाईचे आकडे त्यांनीच फुगवले, असे डॉक्टरांच्या बाजूने सांगितले जाई. न्यायमूर्ती डेव्हिड इप यांच्या समितीने २००२ मध्ये निष्काळजीपणाच्या कायद्याचा फेरविचार केला आणि राज्यांनी भरपाईला मर्यादाही घातल्या. पण तरतूद पुरेशी असती तर मोठ्या निकालाने नुकसान झाले असते, संस्था बुडाली नसती. शिवाय नव्या मर्यादांनी मागच्या वर्षांचे देणे फिटत नाही. ते केंद्र सरकारने अंगावर घेतले आणि सभासदांकडून आकाराच्या रूपाने वसूल करायचे ठरवले. २००३ मध्ये त्या आकाराची बिले हाती पडताच डॉक्टर खवळले, सार्वजनिक रुग्णालयांतून राजीनाम्यांच्या धमक्या आल्या, आणि ऑक्टोबरमध्ये नवे आरोग्यमंत्री टोनी अॅबट यांनी वसुली स्थगित केली.

करदात्याने हे का सोसावे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. डॉक्टरांना विम्याच्या हप्त्यासाठीही सरकारने मदत दिली. तिचे गणित पाहा. हप्ता खासगी उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवर गेला, की वरच्या रकमेचे ८० टक्के सरकार भरी. तीन लाख डॉलर कमावणाऱ्या प्रसूतितज्ज्ञाचा हप्ता ६२,५०० असेल, तर २२,५०० डॉलर आणि उरलेल्या चाळीस हजारांतले आठ हजार त्याचे. ३२ हजार सरकारचे. हे औदार्य डोळ्यांत भरते. तरी अशा हप्त्यापायी ग्रामीण भागातला डॉक्टर बाळंतपणे सोडतो तेव्हा गैरसोय गर्भवतीची होते, आणि मदतीबरोबर शिस्तही आली. जुलै २००३ पासून हे संरक्षण परवानाधारक विमा कंपनीनेच, रीतसर करार करून द्यायचे, असे बंधन आले. मर्जीचा कारभार शंभरेक वर्षांनी संपला.

तरीही टीकाकारांचा एक मुद्दा उरतोच. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या सुईणींचे विमासंरक्षण २००१ मध्येच, डॉक्टरांवर ही पाळी येण्याआधी, गेले होते. त्यांनी काम थांबवल्याने रुग्णालये बंद पडणार नव्हती. सरकारी आधाराचा विमा त्यांना मिळाला तो जुलै २०१० मध्ये, आणि त्यातूनही घरी होणारी प्रसूती वगळलेली होती.