बार्शी तिथं सरशी, आणि बाकीच्या तक्रारी

पुण्यात कोणी गाव विचारलं की मी ‘बार्शी’ म्हणतो. समोरचा सोलापूर, धाराशिव किंवा लातूरकडचा असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं, “बार्शी तिथं सरशी!” मीही हसून मान डोलावतो. सरशी नेमकी कशात, हे आजवर कोणी विचारलेलं नाही आणि मीही कधी सांगितलेलं नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी पहिल्याच रात्री विषय काढला. आमचं कापडाचं छोटं दुकान जुन्या बाजारात आहे, आजोबांच्या वेळचं. गाळा घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं. “काय करायचं ते सांग,” अण्णा म्हणाले. मी लगेच म्हणालो, विकून टाका. बाजारात चारचाकी शिरत नाही, पार्किंग नाही, धूळ आहे, गटारावर पायऱ्या आहेत, लोक मोबाईलवर कपडे मागवतात. एखाद्या मीटिंगमध्ये स्लाईड वाचावी तशी मी यादी वाचली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “हे सगळं मला माहिती आहे. मी तीस वर्षं हेच म्हणतोय.”

ते खरंच होतं. दुकानाच्या गादीवर बसून संध्याकाळी जे बोलणं चालतं, त्यात दोनच प्रकारची वाक्यं असतात. एक, आपल्या गावासारखं गाव नाही. दोन, या गावाचं काही होणार नाही. पाच मिनिटांच्या अंतरानं तोच माणूस दोन्ही म्हणतो आणि कोणालाच त्यात विसंगती दिसत नाही. माझं काम कोडमधल्या चुका शोधायचं आहे. लोक एकाच गोष्टीबद्दल दोन उलट गोष्टी सांगत असतील, तर बहुतेक वेळा मूळ गोष्ट नीट समजलेली नसते. म्हणून त्या सुट्टीत आणि नंतरच्या काही महिन्यांत मी एकच प्रश्न धरून वाचत गेलो: हा बाजार इथं आलाच का?

पहिलं उत्तर नकाशात मिळतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होती. पूर्वेला थोडं गेलं की निजामाची हद्द लागायची. आज बार्शीहून येडशीला जाताना आपल्याला फक्त जिल्हा बदलल्याची पाटी दिसते. तेव्हा तिथं राज्य बदलायचं. निजामाच्या राज्याचं जकात खातं वेगळं होतं, त्याला करोडगिरी म्हणत. बालाघाटाच्या पलीकडचा कापूस, गळिताची धान्यं, ज्वारी, डाळी हे सगळं मुंबईकडे जाताना सरहद्दीच्या या पहिल्या मोठ्या गावात थांबायचं. जिथं माल थांबतो तिथं अडत्या येतो. मग तोलणारा, हमाल, सावकार आणि धर्मशाळाही येतात.

दुसरं उत्तर भगवंताच्या देवळात आहे. अंबरीष राजा, त्याचं एकादशीचं व्रत आणि दुर्वासांचा कोप ही कथा बार्शीत प्रत्येक पोराला माहीत असते. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी अशी इथली रीत. पंढरपूरहून परतणारे अनेक वारकरी भगवंताचं दर्शन घेऊन उपास सोडत. गावाचं नाव द्वादशीवरून, म्हणजे ‘बारस’वरून आलं, असंही लोक सांगतात. व्युत्पत्ती बरोबर असो वा नसो, यात्रेकरू परतीच्या वाटेवर खरेदी करतो, हे कुठल्याही दुकानदाराला कळतं.

आणि तिसरं उत्तर म्हणजे रेल्वे. इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, कारण ज्या गाडीचं नाव मी फक्त ‘बार्शी लाईट’ म्हणून म्हाताऱ्यांच्या गप्पांत ऐकलं होतं, ती साधी खेळण्यातली गाडी नव्हती.

मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपी रेल्वेचा मुख्य मार्ग बार्शीला वळसा घालून गेला. जवळचं स्टेशन म्हणजे आजचं कुर्डुवाडी, सुमारे पस्तीस किलोमीटर लांब. तेव्हा त्याला ‘बार्शी रोड’ म्हणत. तिथपर्यंत माल बैलगाडीनं जायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत काम करायला भारतात आला. मोठ्या मार्गांना माल आणून देणाऱ्या स्वस्त फाटे-मार्गांचं वेड त्यानं घेतलं. बार्शीसाठी परवानगी मिळवायला त्याला बरीच वर्षं लागली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी धावली. रुळांमधलं अंतर होतं अडीच फूट.

त्याची कल्पना ऐकायला सोपी आहे. कमकुवत रुळांवरून जड इंजिन नेलं तर रूळ मोडतात. जाड रूळ टाकले तर खर्च परवडत नाही. म्हणून त्यानं आधी मर्यादा ठरवली: कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. मग इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, प्रत्येक वाहन त्या एकाच आकड्याभोवती बेतलं. लीड्सच्या किटसन कारखान्यानं बांधलेल्या इंजिनांना आठ चालक चाकं होती, म्हणजे वजन जास्त आसांवर वाटलं जाई. डबेही हलके पण भरपूर माल घेणारे. आम्ही ऑफिसात सिस्टिम बांधतो तेव्हा आधी मर्यादा ठरवा आणि मग सगळे भाग त्याच मर्यादेत बसवा, हे नव्या पोरांना शिकवायला लागतं. कॅल्थ्रॉपनं ते बार्शीच्या काळ्या मातीवर करून दाखवलं होतं.

याच अनुभवावर त्यानं इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरमधल्या एका दरीत १९०४ मध्ये तशीच अडीच फुटी रेल्वे उभी केली, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची. म्हणजे तंत्रज्ञान विलायतेहून इथं आलं, हे आपण नेहमी ऐकतो. इथं मात्र बार्शीत तावून सुलाखून निघालेली रचना विलायतेला गेली. ती तिकडची रेल्वे १९३४ मध्ये बंद पडली आणि आज त्या जागेवर लोक पायी फिरतात. पहिल्या महायुद्धात बार्शी लाईटची काही इंजिनं मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, पाठवली गेली. कॅल्थ्रॉपनं पुढं पॅराशूटवर काम केलं, तो वेगळाच विषय.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. “बघ, सरशी!” म्हणाले. पण गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग गादीवर कोणी सांगत नाही.

सुरुवातीला बार्शी हे मार्गाचं टोक होतं. गाडी इथं संपायची, त्यामुळं पूर्वेकडचा सगळा माल इथं यायचाच. मग कंपनीनं मार्ग वाढवला. १९०६ मध्ये दुसऱ्या बाजूला पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सगळा मार्ग सुमारे सव्वातीनशे किलोमीटर झाला. नाव बार्शीचं राहिलं, पण लातूरचा माल आता लातूरलाच डब्यात चढू शकत होता. वर्कशॉपही कुर्डुवाडीला. टोकाचं स्टेशन मधलं स्टेशन झालं. त्या वेळच्या कुठल्याही अडत्याला हे वाढतं जाळं म्हणजे प्रगतीच वाटली असेल, आणि ती होतीही.

सरहद्द मात्र अजून होती. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामात या पट्ट्यात सीमेलगत कार्यकर्त्यांची शिबिरं होती आणि निजामी मुलखातून आलेल्या लोकांना बार्शीनं आसरा दिला. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. ज्यासाठी गावानं जीव टाकला, ते झालं. आणि त्याच वेळी ज्या रेषेमुळं माल इथं थांबत होता, ती रेषा पुसली गेली. हे नुकसान आहे असं म्हणायला जीभ वळत नाही, आणि वळूही नये. पण बाजाराच्या हिशेबात ते मांडावं लागतं. १९५४ मध्ये बार्शी लाईट सरकारनं घेतली. लातूर १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, बार्शी तालुकाच राहिली. धान्याचा मोठा व्यवहार जुन्या पेठांतून मार्केट यार्डात गेला. २००८ च्या सुमारास छोटी गाडी जाऊन ब्रॉडगेज आली आणि नवा मार्ग धाराशिव शहराला स्पर्श करून गेला. सूतगिरण्यांच्या भोंग्यावर घड्याळ लावणारं हे गाव. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्या २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबल्या, त्यात बार्शीचीही होती.

मग तक्रारींचं काय? बार्शीची नगरपालिका १८६५ ची. त्या काळच्या मुंबई इलाख्यात नगरपालिका १८५० च्या एका कायद्याखाली निघत, आणि त्या कायद्याची गंमत अशी की तो सक्तीचा नव्हता. गावातल्या लोकांची इच्छा असेल तरच लागू व्हायचा. म्हणजे दिवा, झाडू, गटार यांसाठी स्वतःवर कर लावून घ्यायची तयारी आधी दाखवावी लागे. पैसा मुख्यतः जकातीतून, गावात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाई. सोप्या भाषेत, बाजार गावाचा खर्च चालवत होता. व्यापारी जकातीच्या नावानं बोटं मोडत, पण त्या पैशामुळं त्यांचा आवाजही होता. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये रद्द झाली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हापासून गावाच्या कामाचा मोठा पैसा वरून अनुदान म्हणून येतो. मला वाटतं, आपल्या तक्रारीचा सूर तिथं बदलला असावा. आधी ती भागीदाराची कुरकुर होती, आता ती गिऱ्हाइकाची आहे. आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. मी पुण्याला गेलो तसा.

शोधता शोधता आणखी एक गोष्ट सापडली, जी पांडे चौकात मी कधीच ऐकली नव्हती. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण लोकसंख्येची देशातली ती पहिली. पुढं मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांच्यासोबत इथल्या लोकांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी केली, तरी त्या रोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असं त्यात दिसलं. निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले. ज्या गटाची तपासणी केली नव्हती त्याबद्दल पुढं नैतिक प्रश्नही विचारले गेले, आणि ते विचारायलाच हवे होते. तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कशी करावी यावर जगात जे बोललं जातं, त्यात या कोरडवाहू पट्ट्यातल्या बायकांचा आणि त्यांच्या दारोदार गेलेल्या कर्मचाऱ्यांचा वाटा आहे. आम्ही मात्र सरशीत रेल्वे सांगतो, जी आता धावत नाही.

पुन्हा घरी गेलो तेव्हा मी एक उद्योग केला. रविवारी सकाळी, बाजार उघडायच्या आत, टेप घेऊन आमच्या दुकानासमोरचा रस्ता मोजला. दुकानं उघडल्यावर परत मोजला. पायऱ्या, बोर्ड, लटकवलेले ड्रेस, मग त्यापुढं दुचाक्या. सकाळचा रस्ता अकरापर्यंत जवळपास निम्मा झाला होता. त्यात आमच्या साड्यांच्या स्टँडचे तीन फूट होते. रस्ता अरुंद आहे, ही अण्णांची सगळ्यात जुनी तक्रार.

मी आकडे दाखवले. अण्णांनी चष्मा लावून कागद बघितला.

“शेजारचा चार फूट पुढं आहे,” ते म्हणाले.

“आहे. पण आपले तीन आहेत.”

“मी आत घेतला तर त्याचा माल दिसेल, माझा नाही.”

याला उत्तर नव्हतं. प्रत्येकाचं गणित बरोबर होतं आणि रस्ता मात्र अडलेला होता. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला, जो मी दिवाळीपासून टाळत होतो. “तू येणार आहेस का इथं? दुकान म्हणत नाही मी. गावात.”

मी जरा थांबलो. “नाही, अण्णा. सध्या तरी नाही.”

“मग विक म्हणू नको, ठेव म्हणू नको. ते मी बघतो.” ते उठले. गिऱ्हाईक नव्हतं. बाहेर एक रिक्षा आणि हातगाडी समोरासमोर अडकून दोघं एकमेकांवर ओरडत होते. अण्णांनी स्टँडचं एक टोक धरलं. “हे जड आहे,” ते म्हणाले. “तिकडून उचल.”

आम्ही तो आत घेतला. गाळ्याचं अजून ठरलेलं नाही. परवा फोनवर अण्णा सांगत होते की शेजाऱ्याचा बोर्ड अजून बाहेरच आहे, आणि आपल्या साड्या खरंच कमी दिसतात. स्टँड कुठं आहे, हे मी विचारलं. आतच आहे म्हणाले, आणि मग रस्त्याबद्दल तक्रार सुरू केली.